लॉगबुकातली गणेश चतुर्थी

पनवेल-खारघर पट्ट्यातल्या झेरॉक्सवाल्यांच्या वर्षात दोन सुग्या येतात, सेमिस्टर संपतं तेव्हा तेव्हा. काउंटरवर चार-चार पोरांची टोळकी उभी राहतात आणि दुकानदार मान वर न करता विचारतो, "स्पायरल, की ब्लॅकबुक?" काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटली, की प्रकल्प झाला. आतलं यंत्र चालतं का, हे तो विचारत नाही. तेवढा सभ्यपणा त्याच्याकडे आहे.

खरी कलाकुसर असते ती लॉगबुकात. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग अभ्यासक्रमाच्या २०१९च्या 'सी' स्कीमनं दुसऱ्या वर्षापासूनच मिनी प्रोजेक्ट आणला. तीन-चार जणांचा ग्रुप, लोकांच्या गरजा पाहून शोधलेला प्रश्न, आठवडावार कामाचा गँट चार्ट आणि दर आठवड्याची प्रगती नोंदवायची वही, असा थाट. टर्मवर्कच्या २५ गुणांपैकी लॉगबुक पाहून गाइडनं द्यायचे १०, रिव्ह्यू कमिटीचे १० आणि रिपोर्टच्या दर्जाला ५. योजनेत नाव ठेवायला जागा नाही. पोरांनी मात्र हिशेब चटकन ओळखला: यंत्र बिघडलं तरी चालेल, वही बिघडता कामा नये.

म्हणून वही सबमिशनच्या आदल्या रात्री, अत्यंत निगुतीनं लिहिली जाते. ग्रुपमध्ये जिचं अक्षर चांगलं, तिच्यावर हे काम येतं. पहिला आठवडा निळ्या जेलपेननं, तिसरा काळ्या बॉलपेननं, सहावा जरा तिरका, घाईत लिहिल्यासारखा. एखाद्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. मजकूर ठरलेला: 'मॉड्यूलवर चर्चा केली. सरांच्या सूचनांनुसार बदल सुरू.' ही नोंद रोबोला चालते, अॅपला चालते, सांडपाण्याच्या फिल्टरलाही चालते. सकाळी स्टाफरूमच्या दारात सर उभ्याउभ्या बारा सह्या करतात, बारा तारखांच्या. त्यांचाही इलाज नसतो. टेबलावर नॅक आणि एनबीएच्या मूल्यांकनाच्या फायली असतात, आणि त्यांतल्या काही बैठकाही अजून भरायच्या राहिलेल्या असतात.

घात होतो तो कॅलेंडरमुळे. सात-सात दिवस मोजत गेलं, की एखादी बैठक बरोब्बर गणेश चतुर्थीला येते. त्या दिवशी दोघे कोकणात गावी, तिसरी मोदक वळतेय, सर स्वतःच्या घरी प्राणप्रतिष्ठेला बसलेले. वहीत मात्र 'सेन्सरचं कॅलिब्रेशन पूर्ण, दोन तास मार्गदर्शन' आणि खाली सही. विघ्नहर्त्याच्या कृपेनं कुणी पंचांग उघडत नाही.

गँट चार्टची तर गोष्टच न्यारी. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यानं गेल्या शतकाच्या आरंभी ही आडव्या पट्ट्यांची पद्धत रूढ केली, ती काम कुठं रखडतंय हे वेळीच दिसावं म्हणून. पनवेलमध्ये चार्ट काम संपल्यावर काढतात. त्यामुळे आजवर एकही प्रकल्प एका दिवसानंही रखडलेला नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट वहीबाहेर राहते: काय फसलं. समजा, गाढी नदीच्या पुराची आगाऊ सूचना देणारं यंत्र केलं. अल्ट्रासॉनिक सेन्सरमध्ये ओल शिरली आणि तो भलतेच आकडे दाखवू लागला, म्हणून तीन आठवडे वाया गेले. एवढी एक ओळ लिहिली असती, तर पुढच्या बॅचचे तीन आठवडे आणि सेन्सरचे पैसे वाचले असते. पण वहीत त्या तीन आठवड्यांत 'प्रगती समाधानकारक'. पुढची बॅच तोच सेन्सर घेऊन त्याच नदीवर जाते.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना फसलेलं लपवायची ही चैन परवडणारी नव्हती. एक किलोच्या आतबाहेरचा 'स्वयम्' उपग्रह त्यांनी २००८मध्ये हाती घेतला आणि तो २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४नं अवकाशात गेला. आठ वर्षं, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीचे दोन फेरे. सुरुवात करणारे उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकरीला लागलेले होते. अशा कामात मागच्यानं एखादा भाग का बदलला हे लिहिलं नसेल, तर पुढच्यानं विचारायचं कुणाला? बॉलपेनचा रंग बदलून हे भागत नाही.

तरी पनवेलच्या पोरांचं शिक्षण वाया जातं असं कुणी म्हणू नये. ब्लॅकबुकच्या शेवटाला 'फ्युचर स्कोप' नावाचं प्रकरण असतं. जे जे करायचं राहिलं, ते तिथं भविष्यातील संधी म्हणून मांडायचं. या विद्येला मागणी आहे. गावाबाहेरच्या पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग निघतो. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या रुंदीकरणाला २०११मध्ये सुरुवात झाली, आणि त्यानंतर उच्च न्यायालयापुढे त्या महामार्गाच्या मुदतीमागून मुदती सांगून झाल्या. तिथला फ्युचर स्कोप लिहायला एखादा ग्रुप सहज लागेल. वही मात्र त्यांनी स्वतःची आणावी.