फुलं-पानं शिकलेल्या वकिलाचं भाऊकाकांस खुलं पत्र

तीर्थस्वरूप भाऊकाका यांस,



गेल्या रविवारी बारशाच्या पंगतीत आपण आमच्या चिमीला जो सल्ला दिलात, तो मी जिलबी वाढता वाढता ऐकला. चिमी म्हणाली, गणितात बी.एस्सी. करेन आणि मग लॉ. आपण मठ्ठ्याची वाटी खाली ठेवलीत आणि निकाल दिलात : "कोर्टात गणित काय करायचंय? राज्यशास्त्र घे. निम्मी वकिली तिथंच झाली समज." तेवढ्यावर अपील, पुनर्विलोकन वगैरे काही न ठेवता आपण पुढच्या जिलबीकडे वळलात.

आपल्या निकालांचा मला जुना अनुभव आहे. बावीस वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी लॉला प्रवेश घेतला, तेव्हा गणपतीच्या आरतीनंतर आपण भर माजघरात विचारलं होतं, "फुलं-पानं शिकलेली मुलगी कोर्टात काय हार ओवणार का?" सगळे हसले. मीही हसले, कारण त्या वयात काकांच्या विनोदावर न हसण्याची सोय नव्हती. आज त्याचं उत्तर देते. उशीर माफ करावा. आमच्या कोर्टाच्या मानाने बावीस वर्षं म्हणजे फार नव्हेत.

पहिलं म्हणजे, आपला हा नियम बार कौन्सिलला अजून कुणी कळवलेला दिसत नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी त्यांना कुठलीही पदवी चालते. फक्त गुण पाहतात : खुल्या गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. प्रवेश परीक्षेत इंग्रजी, सामान्य ज्ञान, तर्क आणि कायद्याची समज तपासतात, पण आधी काय शिकलात हे कुणी विचारत नाही. सनदेच्या अर्जाला पदवीची गुणपत्रिका जोडावी लागते, ती जोडली की कायमची फायलीत जाते. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत एकाही न्यायाधीशाने "बाई, आपला मुख्य विषय कोणता?" असं विचारलेलं नाही. "बाई, थोडक्यात सांगा" एवढंच म्हणतात.

बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो, त्यात एक वर्ष वाचतं, असं आपण नेहमी म्हणता, ते मात्र सोळा आणे खरं. राष्ट्रीय विधि विद्यापीठात नंबर लागला तर मोठ्या फर्मा दारात येतात, हेही खरं. पण तिथं जायला क्लॅट परीक्षा द्यावी लागते आणि काका, तिच्यात गणिताचे प्रश्न असतात. वाईट वाटून घेऊ नका.

आता कोर्टातलं गणित. अपघाताच्या क्लेमचं एक साधं उदाहरण घ्या. चौतीस वर्षांचा, स्वतःचं दुकान असलेला माणूस ट्रकखाली गेला. महिन्याची कमाई २०,०००. घरात बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे, झाले २८,०००. खाणारी तोंडं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्याला २००९च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे वयाचा गुणक १६. झाले ४०,३२,०००. तो छत्तीस वर्षांचा असता तर गुणक १५, म्हणजे एका झटक्यात अडीच लाख कमी. त्या विधवेचा वकील राज्यशास्त्राचा आहे की गणिताचा, याची तिला फिकीर नसते. त्याने गुणक सोळा धरला की पंधरा, एवढंच तिच्या घराला पुरतं.

वाटपाच्या दाव्यात तर अपूर्णांकांची जत्रा. मूळ पुरुषाचे सहा वारस, त्यातला एक नंतर मयत, त्याच्या मागे बायको आणि तीन मुली. तिघींतल्या धाकटीचा हिस्सा १/२४. जमीन २ हेक्टर ४० आर, म्हणजे तिच्या वाट्याला दहा आर. ते दहा आर विहिरीच्या बाजूचे की ओढ्याच्या, यावर पुढची पंधरा वर्षं. राज्यशास्त्रात सत्तेचं विभाजन शिकवतात म्हणे. विहिरीचं शिकवत असतील तर कळवावे.

आपण थोरामोठ्यांचे दाखले देता म्हणून मीही देते. लोकमान्यांनी गणित घेऊन बी.ए. केलं आणि १८७९ साली एलएल.बी. झाले. १९०८च्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडत कित्येक दिवस बोलले. निकाल विरुद्ध गेला, पण तो गणितामुळे नव्हे. नानी पालखीवाला इंग्रजी साहित्याचे एम.ए. प्राध्यापकी हुकली म्हणून लॉ कॉलेजात गेले. त्या साहित्याच्या माणसाने कांगांबरोबर आयकरावर ग्रंथ लिहिला, आणि अर्थसंकल्पातले आकडे ऐकायला ब्रेबोर्न स्टेडियम भरवलं. आणि बाबासाहेब? कोलंबिया आणि लंडनचं अर्थशास्त्र, वर बॅरिस्टर. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा कामं सहज मिळत नव्हती. त्याचं कारण त्यांच्या पदवीच्या विषयात शोधायला गेलात तर सापडणार नाही. कुठे सापडेल हे आपल्यालाही ठाऊक आहे.

एका ठिकाणी मात्र विषय विचारतात, हे प्रामाणिकपणे सांगते. पेटंट एजंटाच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाचीच पदवी लागते, कायद्यातच तसं लिहिलंय. म्हणजे पदवीचा विषय पाहून दार उघडणारी जी एक जागा आहे, तिथे चिमीचं गणित घेऊन जाता येईल आणि आपलं राज्यशास्त्र बाहेर चपला सांभाळत बसेल. मोडी वाचता येणाऱ्या मराठी-इतिहासवाल्यांचंही तसंच. आपण त्यांना "पुढे काय, पोथ्या वाचणार?" म्हणायचात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकार मोडीचे जाणकार शोधत फिरत होतं.

राहिला माझा हार. दोन भावांचा वाटपाचा दावा होता. थोरला म्हणे, बांधालगतची साठ आंब्याची झाडं मी वीस वर्षांपूर्वी लावली, तो तुकडा मलाच हवा. त्याने फोटो दाखल केले. मी फोटो डोळ्यांजवळ धरला, तर बुंध्यावर कलमाच्या सांध्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच. वीस वर्षांच्या आंब्याला नर्सरीची पट्टी! उलटतपासणी दहा मिनिटांत संपली. बार रूममध्ये मी आठवडाभर वनस्पतिशास्त्राचे गोडवे गायले. खरं सांगायचं तर ती पट्टी आधी आमच्या कोर्टाच्या पट्टेवाल्याने पाहिली होती. तो शेतकऱ्याचा मुलगा, दहावी नापास.

तेव्हा काका, चिमीचा विषय सोडून द्या. तिला अडवणारी गोष्ट गुणपत्रिकेवर नसते. ज्याच्या वडिलांची चेंबर आहे, त्याचा विषय कोणताही असला तरी खुर्ची, कपाट आणि पक्षकार तयार असतात. बाकीच्यांनी सिनियरच्या फायली उचलायच्या, तारखा लिहून घ्यायच्या, आणि महिनाअखेरीला मिळेल ते पाकीट न मोजता घ्यायचं. माझ्या पहिल्या सिनियरांनी, नाव सांगत नाही, सहा महिने मला फक्त चहा दिला. तो मात्र चांगला असे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली ज्युनिअरांना शहरात दरमहा २०,००० आणि गावाकडे १५,००० द्यावेत असं सुचवलं. सुचवलं. खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५च्या निकालाने आधी तीन वर्षं वकिली मागितली. त्या तीन वर्षांत जेवायचं कशावर, ते निकालपत्रात नाही.

आपण आजवर आमच्या घराण्यातल्या मुलांना विषय फुकट सुचवलेत. मोबदला कधी मागितला नाहीत, हा आपला मोठेपणा. आता एकदा विषयाऐवजी दुसरं काही द्यावं अशी नम्र विनंती आहे. चिमीची पदवी आणि लॉ होऊन ती पुण्याच्या कोर्टात उभी राहील तेव्हा तिला राहायला जागा लागेल. आपला कर्वेनगरचा फ्लॅट आठ वर्षं कुलूपबंद आहे.

काकूंना नमस्कार.

आपली,
फुलं-पानंवाली

ता.क. किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते, हे काकूंनी मला जिलबी वाढतानाच सांगितलं.