खिचडीतला खडा

काही माणसांना दुसऱ्याच्या पानातलं सुख बघवत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बघवतं, फक्त ते तपासून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एकादशीला या मंडळींना विशेष भरतं येतं. खिचडी छान मोकळी झालेली असते, कूट सढळ हाताने पडलेलं, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. आपण पहिला घास उचलतो आणि समोरून आवाज येतो, “वहिनी, साबुदाणा कशाचा करतात ठाऊक आहे ना? टॅपिओका! तमिळनाडूत, सेलमकडे कारखाने आहेत. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला.”

वहिनी भिडस्तपणे “हो का?” म्हणतात आणि तिथेच फसतात. मग बटाटा निघतो, शेंगदाणा निघतो, हिरवी मिरची निघते. १४९२ साली कोलंबस अमेरिकेत पोहोचला. त्याआधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ साली, म्हणजे माउलींनी साबुदाण्याची खिचडी पाहिलीसुद्धा नाही! घाबरून कुणी रताळ्याकडे वळावं, तर तेही तिकडचंच. राजगिऱ्याच्या लाडवाला मेक्सिको आडवा येतो.

पंचाईत अशी, की हे सगळं खरं असतं. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण यांना वाटतं, आपण फार मोठं बिंग फोडलं. अहो, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कुठल्या संशोधकाने नाही शोधली. खाणाऱ्यांनीच स्वतःवर केली आणि पुन्हा वाढून घेतलं. आपला उपवास कितपत कडक आहे, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

एवढं बोलून हे गृहस्थ खिचडी टाकतात म्हणाल, तर नाव नको. खरवड आधी तेच मागतात.

तेव्हा घरोघरच्या वहिनींना एक विनंती. वरई अस्सल इथली. तूप इथलं, ताक इथलं. येत्या एकादशीला त्यांच्या पानात वरीचा भात, वर तुपाची धार आणि शेजारी ताकाची वाटी, एवढंच वाढा. दाण्याची आमटी मागितलीच, तर कोलंबसाकडे मागायला सांगा.