पोरगं आणलंय, कागद कुठाय?

फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं हे उल्हासनगर. सिंधमधून जीव मुठीत धरून निघालेल्यांनी वाटेत शाळा सोडल्याचा दाखला मागून घेतला असेल, असं वाटत नाही. तरी पोरं शिकली, दुकानं थाटली गेली.

आता त्याच उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये, लालचक्कीच्या गल्लीत परभणीहून नवं बिऱ्हाड येतं आणि शाळेच्या खिडकीतून हाक येते: दाखला? आधार? भाडेकरार? घरमालक करार करून देत नाही, गावची शाळा ‘उद्या या’ म्हणते आणि गाव तर एक रात्र लांब. आई बिचारी पोराला पुढे करते. पण सगळं चालतं, पोरगं हा पुरावा चालत नाही!

शिक्षणहक्क कायदा २००९ पासून ओरडतोय: सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारू नका, सरकारी-अनुदानित शाळेत दाखल्यासाठी अडवू नका, वयानुसार वर्गात बसवा. खिडकीपर्यंत त्याचा आवाज पोचत नसावा. मध्ये झेरॉक्सवाला आहे ना.

तुमच्या चाळीत असं बिऱ्हाड आलं असेल, तर त्यांच्यासोबत शाळेत जा आणि या कायद्याचं कलम ५ व कलम १४ जरा मोठ्याने म्हणा.