गंजाला परवाना लागत नाही

आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचा म्हणजे आपण सज्जन आहोत हे आधी सरकारला पटवून द्यावं लागतं, आणि या बाबतीत सरकार सहसा कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांच्या चाळणीतून अर्जदाराला पार व्हावं लागतं. ओळखीचा पुरावा, प्रकृतीचा दाखला, मन ठिकाणावर असल्याचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ते घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि या सगळ्यावर कळस म्हणून पोलिसांचा अहवाल.

आमच्या आळीतले निवृत्त तहसीलदार, ज्यांना गाव अजून रावसाहेबच म्हणतं, उभी हयात दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे’ असा शेरा मारत आले. निवृत्तीनंतर आंब्याच्या बागेत एकट्याने राहायचं म्हणून त्यांनी स्वतःचा अर्ज टाकला आणि तोच शेरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कारकुनाच्या अक्षरात परत आला. मग चौकशीला हवालदार आले. “रावसाहेब तापट आहेत का हो?” त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना विचारलं. आम्ही एकमुखाने “छे, छे!” म्हणालो, कारण रावसाहेब पलीकडच्या ओटीवर बसून ऐकत होते.

अखेर परवाना झाला. रिव्हॉल्व्हर आली. कुठल्या कारखान्याची ते मी लिहीत नाही. रावसाहेबांनी तशी अट घातली आहे आणि त्यांच्याकडे आता शस्त्र आहे.

खोका उघडला, तेलकट कागद बाजूला केला, वरचा खटका दाबून नळी खाली वाकवली. काडतुसांची सहा घरं समोर आली. त्यातल्या दोन घरांच्या काठांवर केशरी ठिपके. नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोटाला विटकरी पूड. चापाभोवतीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कानशीचे ओरखडे जसेच्या तसे. मुठीच्या स्क्रूची खाच चेपलेली, म्हणजे आपल्याआधी कुणीतरी तो रागारागाने पिळला होता. खोक्याच्या तळाशी मात्र एक चिठ्ठी निघाली. ‘तपासणी पूर्ण’ असा शिक्का आणि खाली लांबलचक सही. रावसाहेबांनी चष्मा सारखा केला, सही उजेडात धरली आणि जाणकाराच्या सुरात म्हणाले, “वस्तू न बघता केलेली सही आहे. ओळखतो मी. मीही अशा पुष्कळ केल्यात.”

इथे थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, कारण गंजाच्या बाबतीत बंदुकीचा कारखाना आपल्यापेक्षा फार पुढे असतो. बंदुकीवरचा तो काळा-निळा तुकतुकीत थर हाही मुळात गंजाचाच सख्खा भाऊ. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे 140 अंश तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवतात. वरच्या अंगाला मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं काळं ऑक्साइड धरतं. याला ब्लूइंग म्हणतात. तांबडा गंज येऊ नये म्हणून काळा गंज आधीच चढवून द्यायचा, म्हणजे महसुली भाषेत नियमित केलेलं अतिक्रमण. पण हा थर इतका पातळ असतो की तेलाच्या आधाराशिवाय तो फार दिवस निभत नाही. द्रावणातून काढल्यावर भाग नीट धुतले नाहीत तर क्षार सांध्याफटींत दडून बसतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. आमच्या रत्नागिरीत त्यांना ओल ओढावीही लागत नाही, ती आपणहून घरात येते.

रावसाहेबांनी दुकानदाराला फोन लावला.

“गंज नाही हो तो साहेब, तेलाचा डाग आहे.”

“डाग पुसला, तर खाली खड्डा निघाला.”

“मग कोकणची हवा.”

“अहो, खोका कोकणात येऊन तास झाला नव्हता.”

“साहेब, मी काय म्हणतो, चालवत राहा. वापरातल्या हत्याराला गंज चढत नाही.”

सल्ला सोन्यासारखा, पण रिव्हॉल्व्हर चालवायची कुठे? काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात हवेत बार काढला, तर 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे चालवली तर माणूस आत जाणार आणि न चालवली तर रिव्हॉल्व्हर खराब होणार. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. परवाना आता हत्यारापेक्षा जास्त टिकतो.

परत करावी म्हटलं तर ऑनलाइन मागवलेली चप्पल घट्ट झाली की पोरगा दारात येऊन घेऊन जातो, तशी सोय इथे नाही. परवान्यावर रिव्हॉल्व्हरचा क्रमांक चढलेला. ग्राहक आयोगात जायचं तर सदोष वस्तू दाखवायला हवी, आणि ती वस्तू कमरेला लावून आयोगाच्या दारात शिरलात तर तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. शेवटी रावसाहेबांनी गंजाचे फोटो काढले. वकील म्हणाले, “छान आलेत. मंगळ ग्रहाचे आहेत का?”

दुसऱ्या मेकची घ्यावी, तर वाटा मोजक्याच. 9 मिलिमीटर, .38, .455 हे निषिद्ध बोर, सामान्य माणसाने .32 नाहीतर .22 वर समाधान मानायचं. परदेशी हत्यार मागवण्याची वाट ऐंशीच्या दशकातच सर्वसामान्यांना बंद झाली. त्यामुळे कुणाच्या तरी आजोबांनी साहेबाच्या काळात घेतलेली वेब्ली अँड स्कॉट आज लाखांच्या भावात हात बदलते. नव्यापेक्षा जुन्याला जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक एरवी रसिक म्हणवून घेतं. इथे ते फक्त अनुभवी असतं.

गिऱ्हाईक मोठं असलं की गोष्ट वेगळी. लष्कराच्या इन्सास रायफलचं आरेखन आपल्या पुण्याच्या पाषाणमधलं. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे लष्कराने 2019 मध्ये 72,400 सिग सॉअर रायफलींचा करार अमेरिकन कंपनीशी केला. लष्कर रुसलं तर दुसरीकडे जाऊ शकतं. रावसाहेब रुसले तर फार तर बागेत जाऊ शकतात.

गुणवत्तेकडे आपलं लक्षच नाही असं मात्र नाही. 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आली. टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन अर्धा किलो, किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये आणि ठेवायला दागिन्यांची असावी तशी मरून पेटी. पेटीच्या दर्जाबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही.

अमेरिकेची अवस्था आपल्या बरोबर उलटी आहे. तिथे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी 1972 च्या कायद्याने केंद्रीय आयोग स्थापन झाला, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. खेळण्यातल्या पिस्तुलाचं तोंड केशरी असलंच पाहिजे असा नियम आहे. खऱ्या पिस्तुलाचा दर्जा बघणारा तसा केंद्रीय आयोग नाही. तिथे बंदूकही मोकळी, घेणाराही बराचसा मोकळा. आपल्याकडे घेणाऱ्याला नखशिखांत तपासतात आणि बंदुकीचं तोंड गंजाने आपोआप केशरी होतं.

एवढ्यात निवडणूक आली. आचारसंहिता लागली की कुणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं ते छाननी समितीने ठरवावं असा नियम आहे. प्रत्यक्षात ठाण्यातून फोन येतो, “रावसाहेब, तेवढं आणून टाका.” 2024 मध्ये मे महिन्यात आमच्याकडे लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरीही त्या रांगेत असतो. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने ती तेवढ्या दिवसांत प्रचार उरकून घेतात.

रावसाहेब ठाण्यात गेले आणि जमा करण्याआधी गंजाचा पंचनामा करा म्हणून अडून बसले. कारखान्याचा गंज किती, दुकानाचा किती, घरचा किती याची हद्द आत्ताच कायम करा, नाहीतर परत नेताना पोलिसांच्या गंजावरून वाद होईल, असं त्यांचं म्हणणं. हवालदाराने दोन्ही हात जोडले आणि पावतीवर लिहिलं, ‘रिव्हॉल्व्हर नग एक, सुस्थितीत.’ हत्याराला गुणवत्तेचा दाखला मिळाला तो असा.

रिव्हॉल्व्हर परत आल्यावर खंडेनवमी होती. वहिनींनी ती पाटावर ठेवली, ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि दसऱ्यापर्यंत हलवू दिली नाही. सोनं लुटून आल्यावर रावसाहेबांनी पुसायला घेतली तेव्हा कुंकू कुठे संपतं आणि गंज कुठे सुरू होतो ते घरात कुणालाच सांगता येईना. शिलाई मशीनचं तेल लावून ती पुन्हा कपाटात गेली.

आता रावसाहेबांनी एक मसुदा तयार केला आहे. परवाना मागणाऱ्या माणसाची होते तीच चौकशी शस्त्राचीही व्हावी, एवढीच त्यांची मागणी. रिव्हॉल्व्हरने स्वतःच्या नावे अर्ज करावा. जन्मस्थान व पालकांचं नाव स्पष्ट लिहावं. त्वचारोग नसल्याचा सरकारी दवाखान्याचा दाखला जोडावा. ऐन वेळी दगा देण्याची सवय आहे काय, याबद्दल त्याच फळीवरच्या दोन प्रतिष्ठित रिव्हॉल्व्हरींचे जबाब घ्यावेत. शेवटी पोलिसांनी समक्ष भेट देऊन खात्री करावी. अहवाल समाधानकारक असेल तरच तिला माणूस बाळगण्याचा परवाना द्यावा.

मसुदा वाचून मी म्हटलं, “रावसाहेब, सुरेख झालाय. पण या चाळणीतून पास झालेला माल तुम्हाला मिळेल असं वाटतं का?”

रावसाहेब हापूसचे बागायतदार. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. बिनडागी माल निवडून परदेशी जाणार आणि डागी पेटी गावात वाटली जाणार, हे ते दर एप्रिलात स्वतःच्या हाताने करतात.