परसदारचं तिकीट

झुरिकला पाऊस लागला की तिथली माणसं आपल्यासारखी भजी तळत नाहीत, टिचिनोला जातात. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मी भज्यांच्या बाजूचा होतो. पण टिचिनो म्हणजे म्हणे स्वित्झर्लंडची उन्हाची खोली. आगगाडीत बसायचं, गोटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यात पावसातून शिरायचं आणि वीसेक मिनिटांनी बाहेर पडलं की ऊन, ताडाची झाडं आणि हातवारे करून बोलणारी माणसं.

“उन्हासाठी तिकीट?” आत्या म्हणाली. “मग चिपळूणचा मे टाळायला विमानाचं कशाला काढलंत?”

आत्या बहात्तर वर्षांची. डाव्या गुडघ्याला पट्टा आणि जिभेला काहीच नाही.

आस्कोनाहून बोटीनं ब्रिसागो बेटांवर गेलो. माज्जोरे सरोवरात ही दोन बेटं आहेत, त्यातल्या मोठ्यावर वनस्पती उद्यान. धक्क्याजवळच्या हॉटेलनं दारात निळ्या कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांत, देवाशपथ सांगतो, घाणेरी लावली होती. नीट छाटलेली, खत घातलेली, मुळाशी ओल्या भुश्शाचं पांघरूण असलेली घाणेरी! आत्यानं वाकून पानाला बोट चोळलं, बोट नाकाशी नेलं आणि चेहरा असा केला की वेटर पाणी घेऊन धावत आला. आमच्या शेताच्या बांधावरून दरवर्षी कोयत्यानं तोडायला दोन गडी लागतात, ही माहिती त्याला इटालियनमध्ये द्यायची राहून गेली.

बाग मात्र नंबरी. एका बॅरोनेसनं १८८५ साली ही बेटं घेऊन जगभरची झाडं इथं आणली. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, हौस राजाची. पुढे कर्ज वाढलं आणि १९२७ साली बेटं हॅम्बुर्गच्या माक्स एम्डेन नावाच्या धनाढ्य दुकानदाराकडे गेली. बॅरोनेस पुढे गरिबीतच गेली. एम्डेननं जुनं घर पाडून महाल उठवला आणि झाडीत रोमन थाटाचा पोहायचा हौद बांधला. १९४९ साली सरकार आणि आसपासच्या गावांनी मिळून सगळं विकत घेतलं, आणि पुढच्या वर्षापासून आमच्यासारख्यांना आत सोडायला लागले. हे सारं मी हौदाच्या काठावर उभा राहून ऐटीत वाचून दाखवलं. आत्या पाण्याकडे बघत होती. “शेवाळ धरलंय,” एवढंच म्हणाली.

झाडं खंडांप्रमाणे लावली आहेत. म्हणजे आफ्रिकेतून चार पावलं टाकली की ऑस्ट्रेलिया. गुडघेदुखीच्या माणसाला जगप्रवासाची ही सर्वांत स्वस्त सोय. पण आत्याचा जगप्रवास कर्दळीपाशी अडला. लालभडक फुललेली, पुढ्यात पितळी पाटी आणि पाटीवर लॅटिनमध्ये ‘कॅना इंडिका’. एक जर्मन आजोबा गुडघ्यावर बसून तिचे फोटो काढत होते.

माझी छाती फुगली. “बघ आत्या, इंडिका. आपली!”

“बाबा,” लेक म्हणाली, “हा अमेरिकेचा विभाग आहे.”

आत्यानं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे परसात मोरीच्या पाण्यावर वाढते ती अमेरिकन?”

“हो. आणि घाणेरीसुद्धा तिकडचीच.”

आत्या गप्प झाली. हे क्वचित घडतं. साठ वर्षं सांडपाणी घालून वाढवलेली कर्दळ परदेशी निघावी, हे तिला लेकीनं न सांगता लग्न करावं तसं लागलं असावं. वाटेत कण्हेर आली, तेव्हा तिनं आधी नातीला विचारलं, “ही तरी आपली का, की हिचंही काही आहे?” भूमध्य सागरापासून आशियापर्यंत सगळीकडची, असं उत्तर मिळालं. “म्हणजे सरकारी नोकरीत दिसते,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरोवराच्या इटालियन बाजूला इझोला माद्रे बेटावर गेलो. तिथं एक काश्मिरी सायप्रस आहे. १८६२ साली हिमालयातून आलेल्या बियांतून वाढलेला, निळसर रुपेरी पानांच्या झिपऱ्या खाली सोडून उभा. मी आदल्या दिवशीच्या अपमानाची भरपाई करायला निघालो होतो, पण लेक माझ्यापेक्षा जलद वाचते. हे झाड मुळात भूतान आणि अरुणाचलच्या बाजूचं. काश्मीर नुसतं नावात.

२००६च्या जूनमध्ये वादळानं ते मुळासकट आडवं केलं. दुसरं कुणी असतं तर कुऱ्हाड मागवली असती. इथं क्रेन आणल्या, झाड पुन्हा उभं केलं आणि चहूबाजूंनी पोलादी तारांनी ताणून बांधलं. बुंध्यापासून जमिनीपर्यंत तिरप्या तारा, मोठ्या मांडवाला दोर लावावेत तशा. त्याला नवी मुळं फुटली, तारा मात्र राहिल्या.

आत्या समोरच्या बाकावर बसली. पट्ट्याचं चिकटवण चर्रकन सोडलं, गुडघा चोळला, झाडाकडे बराच वेळ बघत राहिली. एकाही पाटीकडे तिनं मान वळवली नाही. लेकीनं बोटीची वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा तिनं पट्टा पुन्हा आवळला, उठली आणि कुंपणाच्या दोरीपर्यंत गेली.

“काढायच्या म्हणाले तर काढू देऊ नकोस हो,” ती झाडाला म्हणाली. “डॉक्टर सांगतात, आता गरज नाही. त्यांचं काय जातंय!”