मालक, गट आणि बाकीचे

युनिक्स या संगणकप्रणालीला फाइलींची सविस्तर यादी मागितली की प्रत्येक नावाआधी दहा चिन्हांची एक माळ येते. वस्तू काय आहे हे पहिलं चिन्ह सांगतं. उरलेल्या नवांत मालक, गट आणि बाकीचे यांचे तीन खण. प्रत्येकात वाचा (आर), लिहा (डब्ल्यू), चालवा (एक्स). ही वाटणी मला पटली ती सोलापुरातल्या आत्याच्या वाड्यामुळे. तिथं दिंडीदरवाज्यातून आत पाऊल टाकलं की ओसरीवरून तिचे यजमान विचारत, "कुणाकडं?" नाव सांगितलं की वाट मोकळी. चौकात उभं राहून इथं कोण कोण राहतं हे न्याहाळायला मात्र मज्जाव. डिरेक्टरीवर एक्स आहे पण आर नाही, तर हेच घडतं: नाव ठाऊक असलेल्या फाइलीपर्यंत जाता येतं, यादी मिळत नाही.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१ सालच्या नोव्हेंबरातलं. त्यात मालक आणि परके एवढेच होते. मधला गट पुढच्या आवृत्त्यांत राहायला आला. भाऊबंद आले की भानगडी आल्याच. परवानग्या आकड्यांतही लिहिता येतात: खणागणिक एक अंक, शून्य म्हणजे काहीच नाही, सात म्हणजे सगळं. ०७७ हा आकडा टाकून पाहा. साऱ्या जगाला मोकळं रान, आणि खुद्द मालकाला फाइल उघडायची बंदी! युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, आधी मालकाचा खण बघतो आणि तिथं शून्य दिसलं की पुढचे बघतच नाही. आकडा बदलायचा हक्क तेवढा मालकाकडे उरतो. आत्याच्या यजमानांचं शेवटी असंच झालं होतं. उताऱ्यावर नाव त्यांचं, किल्ल्या सुनेच्या कमरेला. आल्यागेल्याला हटकायचं तेवढं त्यांनी कुणाला दिलं नाही.

मॅन्युअल लिहिणारी माणसं प्रामाणिक. आपल्याच वस्तूतली खोट छापायला त्यांनी 'बग्ज' नावाचा रकाना ठेवला. इतकं सोज्वळ काही साड्यांच्या दुकानात मला आढळलेलं नाही. पण लिहिणाऱ्याला सगळं येत असतं. कुठली पायरी गाळली गेली हे नवख्यालाच दिसतं, आणि तोही चार दिवसांत शिकतो नि आपण कुठं अडखळलो हे विसरून जातो. मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका सुधारायला हे चार दिवसांचं अज्ञान फार मोलाचं. नवखा मात्र भिडस्त. "मला कळलं नाही" असं कळवण्यापेक्षा तो ७७७ टाकून सगळी दारं सताड उघडतो आणि जेवायला जातो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं नवख्याचं हे मोल ओळखलं. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सचे त्यांचे धडे मराठीतही आहेत, आणि धडा ध्वनिमुद्रित होण्याआधी त्याची संहिता एका नवख्याकडून तपासून घ्यायची अशी त्यांची रीत आहे. काही येत नाही म्हणून मान मिळण्याची एवढी एकच जागा माझ्या पाहण्यात आहे.

आत्या त्या जागेला शोभली असती. मालक, गट, बाकीचे, सगळं तिनं शेंगा सोलता सोलता नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढा बंदोबस्त केलाय खरा, पण त्या फायलीत हाय तरी काय?"