लॅक ऑफ डिस्ट्रिक्ट

अकोल्याहून वाशिमला जाताना पातूर, मेडशी मागं पडलं की आमचं मालेगाव येतं. यंत्रमागाचं आणि गमतीदार सिनेमे काढणारं मालेगाव ते नाशिक जिल्ह्यातलं. त्याचा आमचा संबंध एवढाच, की आमची पार्सलं अधूनमधून त्याच्याकडे मुक्कामाला जाऊन येतात. आमचं मालेगाव सोयाबीन-तुरीचं. इथं बसस्टँडच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पावसाळ्यात पीक विम्याचे कागद, निकालानंतर दाखले, आणि सेमिस्टर संपत आलं की पंधरा दिवस इंग्रजी साहित्य.

त्या पंधरा दिवसांत तो येतो. पोरगं दरवर्षी वेगळं असतं, पण माणूस तोच. बी.ए.ला इंग्लिश लिटरेचर घेतलेला. पोलीस भरतीवाल्यांचा जथा असतो, स्पर्धा परीक्षावाल्यांचीही टोळी असते. हा मात्र गावात एकटाच ओळखू येतो, म्हणून त्याचं नावच ‘लिटरेचर’ पडतं. ‘अबे लिटरेचर, चहा घेतं काय?’ असं रस्त्यापलीकडून कुणी ओरडलं की हा मान वळवतो. तीन वर्षांनी कॉलेज सुटतं, नाव सुटत नाही. परवा एक लिटरेचर लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर मला त्याचं खरं नाव पत्रिकेतूनच कळलं.

हा विषय त्यानं का घेतला, हे विचारायचं नाही. कुणीतरी त्याच्या वडिलांना सांगितलेलं असतं की इंग्रजीवाल्याला कुठंही नोकरी लागते. वडील पारावर सांगतात, ‘पोरगं इंग्रजीत हाये’. आवाज असा, की पोरगं मिलिटरीत आहे. मग भाऊबंदांची कामं सुरू होतात. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं वाचून दे, मोबाइलवर बँकेचा मेसेज आला तो पाहून दे, आजीच्या रिपोर्टात काय लिहिलंय ते सांग. लिटरेचरला रोमँटिसिझमची सहा लक्षणं पाठ असतात. डब्यावर किती लिटर पाण्यात किती मिली, हे मात्र तो मराठीतल्या बारीक अक्षरांवरूनच काढतो, पण डबा धरतो इंग्रजीची बाजू वर करून.

माझ्याकडे तो येतो ते असाइनमेंटसाठी. ‘भाऊ, पाठपोट नोका मारू. सर वजन पाहून मार्क देतात.’ पहिलं पान रंगीत. दुसऱ्यावर सर्टिफिकेट. तिसरं ऋणनिर्देशाचं, त्यात प्राचार्य, सर, आई-वडील, मित्र, ग्रंथपाल आणि ज्यांचे राहिले त्या सगळ्यांचे आभार. एकानं त्यात थोरल्या भावाचे आभार मानले होते. मी म्हटलं, ‘अरे, घरात थोरला तर तू.’ तो म्हणाला, ‘ज्याच्यावरून उतरवलं त्याले असंन.’

ही उतरवाउतरवी मी बरीच वर्षं काचेवर पालथी घालत आलोय. मीही त्याच वाटेनं गेलेला माणूस. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो तेव्हा माझ्या मार्कशीटवर जिल्हा अकोला होता. त्या वेळी सरांनी सांगितलं होतं, की ‘हॅम्लेट’ची १६०३ सालची पहिली छापील प्रत फार खराब आहे, एखाद्या नटानं आठवेल तशी सांगून ती छापून घेतली असावी, असं पुष्कळ विद्वान मानतात. धड मजकूर पुढच्या प्रतीत आला, आणि १६२३ सालच्या मोठ्या संग्रहात पुन्हा वेगळाच. आता कोणता शब्द शेक्सपिअरचा आणि कोणता जुळाऱ्याचा, यावर तिकडं लोकांच्या नोकऱ्या चालतात. मला तेव्हा ते सगळं रिकामटेकडं वाटलं होतं. झेरॉक्सचं दुकान टाकल्यावर पटलं.

कारण आमच्याकडे वर्डस्वर्थवर एक मूळ असाइनमेंट आहे. तिचा कर्ता अज्ञात. तिचं पहिलं वाक्य, वर्डस्वर्थ हा लेक डिस्ट्रिक्टचा कवी होता. उत्तर इंग्लंडातला हा तळ्यांचा मुलूख. पुढच्या वर्षी घाईघाईत कुणाकडून ‘लेक’चा ‘लॅक’ झाला. त्याच्या पुढच्या वर्षीचा लिटरेचर जरा व्याकरणातला होता. नुसतं लॅक डिस्ट्रिक्ट त्याला खटकलं, त्यानं मध्ये ‘ऑफ’ घातला. वर्डस्वर्थ हा लॅक ऑफ डिस्ट्रिक्टचा कवी होता. जिल्ह्याच्या उणिवेचा. मी वाचलं आणि मशीन थांबवलं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला. त्याच्या आधी प्रत्येक सहीशिक्क्याला आम्ही अकोल्याची एसटी धरत होतो. लॅक ऑफ डिस्ट्रिक्ट कशाला म्हणतात, हे आम्हाला वर्डस्वर्थनं सांगायची गरज नव्हती. ते वाक्य अजून चालू आहे. मार्कही मिळतात.

एवढ्यावरून लिटरेचरला ढ समजाल तर फसाल. कागदावर तो दुसऱ्याचं लिहितो; पण मशीन तापेपर्यंत स्टुलावर बसून जे बोलतो, ते मला कुठल्या गाईडात सापडलेलं नाही. फक्त हातात पेन नको.

वर्डस्वर्थच्या कवितेतलं डॅफोडिल त्यानं पाहिलेलं नसतं. मीही नाही. सरांनी पिवळं फूल म्हणून सांगितलेलं असतं, त्यामुळं त्याच्या डोळ्यांपुढं तुरीचा फुलोरा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात शिरपूरच्या रस्त्याला उभं राहा, दोन्हीकडे पिवळंच पिवळं दिसतं. ‘भाऊ, हा मानूस फुलं पाहून खुश झाला नं घरी जाऊन पलंगावर पडला. काहून? त्याचं वावर नोयतं ते. एक दिवस आभाळ आलं असतं, धुई पडली असती नं फूलगळ झाली असती, मंग पाह्यलं असतं किती नाचते मन ते.’ आणि हजारो फुलं यानं एका नजरेत कशी मोजली, यावर त्याचं म्हणणं असं, की ही तलाठ्याची नजरअंदाज पैसेवारी दिसते.

मी त्याला म्हटलं, अरे, त्या फिरण्यात वर्डस्वर्थ एकटा नव्हताच. १५ एप्रिल १८०२. बरोबर बहीण होती, डोरोथी. तिनं त्या फुलांचं वर्णन आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, फार सुंदर. यानं कविता केली दोन वर्षांनी. आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी बायकोनं सुचवल्या, हे तो स्वतःच सांगायचा.

लिटरेचर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘म्हंजे ग्रुप असाइनमेंट होती. नाव याचं एकट्याचं.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘एकटा भटकत होतो म्हनते नं वर!’ त्या दिवशी त्याला कवीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. ती शेवटपर्यंत टिकली.

हॅम्लेटकडे तो सातबाऱ्याच्या अंगानं पाहतो. बाप मेला, काकानं फेरफार करून सगळं आपल्या नावावर चढवलं, आईही त्याच्याच बाजूची. पोरगा शिकायला बाहेर होता, मयतीला आला आणि घरीच अडकला. ‘अशे आमच्या गावात तीन हायेत. दोघं कोर्टात गेले. एक बोलतेच हाये अजून.’ समजायला सोपं जावं म्हणून त्यानं आगरकरांचं ‘विकारविलसित’ कुठून तरी मिळवलं. १८८३ सालचं, हॅम्लेटचंच मराठी. चार दिवसांनी पुस्तक बगलेत मारून आला. ‘भाऊ, इंग्रजी समजाव म्हून मराठी आनली. आता मराठी समजाव म्हून इंग्रजी पाहून राह्यलो.’

पण लिटरेचरच्या घरापर्यंत पोचलेला लेखक मी एकच पाहिला. थॉमस हार्डी. त्या वर्षी अभ्यासाला ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ होती, १८८६ सालची. गवत बांधणारा हेंचर्ड जत्रेत दारूच्या नशेत बायको-पोर पाच गिनींना विकतो. शुद्धीवर आल्यावर एकवीस वर्षं थेंब न पिण्याची शपथ घेतो, वाढत वाढत मोठा अडत्या होतो, गावाचा मेयर होतो. मग एका पाऊस सांगणाऱ्याच्या नादानं भाव चढणार म्हणून धान्य भरून ठेवतो. ऊन पडतं, भाव कोसळतो, हा तोट्यात विकून मोकळा होतो, आणि नेमका मग पाऊस लागतो.

लिटरेचरनं ही गोष्ट रात्री जेवताना घरी सांगितली. आईनं विचारलं, ‘बायकोचं काय झालं मंग?’ ‘येते परत, अठरा वर्षांनं.’ ‘येनारच,’ आई म्हणाली. वडिलांनी बायकोचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘कितीचा भाव होता?’ पाऊस सांगणाऱ्याचं त्यांना लगेच कळलं. बुलडाण्याकडे भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात, त्यावर आमची अर्धी पेरणी ठरते, उरलेली अर्धी मोबाइलवरच्या हवामानवाल्यांवर. कॅस्टरब्रिजच्या बाजारात पेरणीचं नवीन यंत्र येतं आणि सगळं गाव ते पाहायला जमतं, हा प्रसंग ऐकून मात्र ते हसले. तिफण त्यांच्या आजाच्याही आधीपासून गोठ्यात होती.

हार्डीनं खरा घोळ केला तो पुढं. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीननं क्विंटलला १० हजारांचा आकडा पाहिला होता. तो पाहिलेला माणूस पुन्हा कधी पहिल्यासारखा होत नाही. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याहून खाली. विकावं की ठेवावं, यावर घरात रोज वाद. कादंबरी ऐकून झाल्यावर वडील हात धुता धुता म्हणाले, ‘त्याचं चुकलं कुठं? घाई केली. थोडा थांबला असता तं पाऊस आलाच होता.’ झालं, पोती घरातच राहिली. लिटरेचर पुढं किती तरी दिवस त्या पोत्यांवरच झोपायचा. ‘भाऊ,’ तो मला म्हणाला, ‘सरांनं हार्डी निराशावादी म्हून सांगतला. आमच्या बुढ्यानं त्याच्यातूनबी आशा काढली.’

असाइनमेंटमध्ये यातलं काय आलं? काहीच नाही. हार्डी हा निराशावादी कादंबरीकार आहे, या वाक्यानं सुरू होणारी आठ पानं आली. मी विचारलं, पोत्यांचं का नाही लिहिलंस? तो दचकला. ‘ते इंग्रजीत नाही ना भाऊ.’

त्याच्यावर खरं संकट आलं शेवटच्या सेमिस्टरला. नवीन सर आले. त्यांनी विषय दिला, साहित्य म्हणजे काय. आणि खाली लिहिलं, स्वतःच्या शब्दांत. लिटरेचरनं ती चिठ्ठी मला दाखवली तेव्हा त्याचा हात थरथरत होता. ‘ओन वर्ड्स. कुठं भेटतात भाऊ?’ मोबाइलवर मागून पाहिले, पण ते सगळ्या वर्गाला सारखेच मिळाले होते.

त्या दिवशी माझ्या काउंटरवर एक निवृत्त संस्कृत मास्तर झेरॉक्सला देऊन गेलेले कागद पडले होते. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तली गोष्ट, हजार-अकराशे वर्षांपूर्वीची. मी ती त्याला वाचून दाखवली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला. त्याला वळवून आणायला पार्वतीनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागं पाठवली. तो पूर्वेला गेला, पांचालात गेला, अवंतीत गेला, ही मागं मागं. पूर्वेकडे असताना त्याच्या तोंडी लांबलचक समास. जसजसा तिचा लळा लागला तसतसं त्याचं बोलणं सोपं होत गेलं. विदर्भापर्यंत आला तेव्हा अगदी साधं, गोड बोलायला लागला होता. आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नावाच्या नगरात दोघांनी गांधर्व विवाह केला.

‘वत्सगुल्म म्हंजे?’

‘वाशिम.’

‘आपलं वाशिम?’ तो उठून उभा राहिला. आमच्या स्टँडवरून वाशिम म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची एसटी. ‘म्हंजे लिटरेचरचं लगन आपल्या जिल्ह्यात लागलं? नं तो बी आंधी गाईडातलं बोलत होता, इथं आल्यावर ओन वर्ड्सवर आला?’

‘तसंच समज.’

‘आपन सोयरे लागतो मंग.’ त्यानं खिशातून सुटे पैसे काढले. ‘भाऊ, कोरे कागद द्या चार.’

एवढ्या वर्षांत माझ्याकडे कोरा कागद मागणारा तो पहिला लिटरेचर. तिथंच स्टुलावर बसून, खोडत, पेन चावत त्यानं दीड पान लिहिलं. इंग्रजीची हाडं मोडली होती. पण त्यात एसटी होती, तुरीचा फुलोरा होता, पोती होती, आणि शेवटी वाक्य होतं, साहित्याचं लग्न वाशिमला झालं. मॅरीड इन वाशिम. सरांनी त्याला वर्गात उभं करून वाचायला लावलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण दुकानात. सगळ्यांना तेच दीड पान पाहिजे होतं, नावाच्या जागी पांढरी पट्टी लावून.

यंदा त्या पानाचं तिसरं वर्ष. नवा लिटरेचर सकाळी येऊन गेला. रंगीत मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, थोरल्या भावाचे आभार सगळं जागच्या जागी. मी शेवटचं पान काचेवर ठेवलं आणि सवयीनं वाचलं. कुठल्या तरी घाईच्या हातानं ‘मॅरीड’ नीट लागलं नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या शहाण्या हातानं ते दुरुस्त केलं होतं. साहित्य वाशिममध्ये बरीड झालं. दफन.

माझा हात पेनाकडे गेला होता.

‘काही चुकलं काय भाऊ?’ पोरानं विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं, ‘किती कॉप्या?’